नारळाआधीची बोट

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय आमच्या मुरवणे बंदरातली एकही बोट पाण्यात उतरत नाही. सरकारची मासेमारी बंदी जुलैअखेर उठते. पण सरकारला दर्यातलं काय कळतं, असं आमच्याकडे हे सरकार जन्मायच्या आधीपासून म्हणतात. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे पौर्णिमा ऑगस्टच्या पार शेवटाला गेली होती. बंदी उठली होती, नारळ वाहायचा होता आणि साऱ्या बोटी ताडपत्र्या पांघरून वाळूत बसल्या होत्या. यामिनी चोगलेने आपला बेत नेमका या रिकाम्या दिवसांवर आखला.

यामिनी ही हरेश्वर तांडेलाची धाकटी बहीण. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्स शिकली, मुंबईच्या नोकरीला कंटाळली आणि परत येऊन बंदरावर पेट्या दुरुस्त करू लागली. पेटी म्हणजे 'दर्यासाथी'. डिझेलच्या बोटी मोडीत निघाल्या आणि बॅटरीवरच्या मोटरी आल्या, तेव्हा प्रत्येक बोटीवर ही पेटी बसली. रेडिओ तिच्यात, नकाशा तिच्यात, हवामान तिच्यात. बोटीने बंदीच्या पट्ट्यात शिरू नये म्हणून मोटरीची चावीही तिच्यातच. पेटीने होकार दिला तर मोटर फिरणार, नाहीतर बोट नुसती तरंगणार. म्हातारे कुरकुरले खरे, पण अनुदान घेताना कोणी हात मागे घेतला नाही.

जूनमध्ये यामिनीकडे इम्तियाज मुकादम नावाचा माणूस आला. तो 'नीलतरंग' या मोठ्या मासळी कंपनीच्या नियंत्रण कक्षात कामाला होता. मासे अंडी घालतात त्या दिवसांत, ऐन बंदीत, नीलतरंगचे ट्रॉलर किनाऱ्यालगत दर्या खरवडत होते आणि त्यांच्या पेट्या मात्र आपण बंदरात उभ्या आहोत असं सरकारला कळवत होत्या. या खोटं बोलणाऱ्या पेट्यांची सगळी माहिती त्याने सोबत आणली होती. तिच्यात आणखीही काही होतं. लहान बोटी कुठे जातात, कुठे जाळं टाकतात, हे नीलतरंगने पेट्या बनवणाऱ्यांकडून गुपचूप विकत घेतलं होतं. आमच्या साऱ्या किनाऱ्याच्या जागा त्या माहितीत होत्या.

इम्तियाजने विनवलं होतं, की ताई, लहान बोटींचं तेवढं काढा आणि मग बाहेर सोडा. यामिनीला ते पटलं नाही. एक ओळ कापली तरी कंपनी म्हणणार, बघा, यांनी कापाकापी केली, उरलेलंही बनावटच असणार. 'खरं ते सगळं उघडं' ही तिच्या गटाची घोषणाच होती. किनाऱ्यावरची तिच्यासारखी शिकलेली पोरंपोरी त्या गटात होती. जुलै संपता संपता त्यांनी सगळं जसंच्या तसं जगापुढे ठेवलं.

आता, तांडेलाची जाळं टाकायची जागा म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळायचं नाही. बाप ती मुलाला सांगतो, तीही मुलगा बोटीवर नीट उभा राहायला लागल्यावर. बायकोला सांगत नाहीत. दारू प्यायल्यावरसुद्धा सांगत नाहीत, आणि आमच्याकडे दारू प्यायल्यावर सगळंच सांगतात. यामिनीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. एवढी मोठी चोरी पकडल्यावर या बारक्या जागांचं काय घेऊन बसायचं, असं तिला वाटलं.

नीलतरंगने अपेक्षेप्रमाणे सगळं खोटं ठरवलं, नियंत्रण कक्षातल्या सगळ्यांना घरी बसवलं आणि फितूर कोण ते शोधायला सुरुवात केली. तेव्हा यामिनीने मोर्चा काढला.

हा मोर्चा रस्त्यावरचा नव्हता. तो तिने बांगडा माशांकडून उचलला होता. बांगड्यांचा थवा पाण्यात एकदम वळतो, पण त्याला कोणी पुढारी नसतो. प्रत्येक बांगडा फक्त आपल्या आजूबाजूच्या चार-सहा बांगड्यांकडे बघतो. ते वळले की तोही वळतो. यामिनीने हीच रीत पेट्यांना शिकवली. मालकाने आपल्या पेटीवर अंगठा टेकवला की ती थव्यात शिरायची आणि नीलतरंगच्या नेटवरच्या लिलावाच्या खिडकीवर जाऊन साधासुधा प्रश्न विचारत राहायची, की आज पापलेटचा भाव काय? चोरी नाही, मोडतोड नाही. पण किनाऱ्यावरच्या हजारो पेट्या एकाच वेळी भाव विचारायला लागल्या, तर खऱ्या गिऱ्हाइकाला खिडकी दिसायचीसुद्धा नाही. पेटी आपल्या शेजारणींना विचारायची, तुम्ही आहात ना? बहुतेक जणी आहेत म्हणाल्या तर तीही राहायची. पुढारी नाही, म्हणजे कोणाला विकत घेण्याची सोय नाही, यावर यामिनी फार खूश होती. पुढारी नाही म्हणजे थांबवणाराही कोणी नाही, हे तिने तेव्हा मनावर घेतलं नाही.

नीलतरंगकडे 'प्रतिकारक' होता. हल्ला झालेल्याने उलट हल्ला करायला हरकत नाही, असा कायदा आदल्या वर्षी झाला होता. एकच अट होती, समोरचा थांबला की तुम्हीही थांबायचं. प्रतिकारक आपल्या शरीरासारखा चालायचा. शरीर जंतूचा आकार ओळखतं आणि त्या आकाराचं जे दिसेल त्याच्यावर तुटून पडतं. प्रतिकारकही हल्लेखोर यंत्राचा आकार ओळखायचा आणि तशा यंत्रांना गाठून झोपवून टाकायचा. शरीराची जी खोड तीच त्याची. एखाद्याला कोळंबी बाधते, मग त्याचं शरीर बिचाऱ्या खेकड्यावरही चवताळतं, कारण दोघांत काहीतरी सारखं असतं. तसा हा प्रतिकारक थव्यात नसलेल्या पेट्यांनाही सोडायचा नाही. आणि त्या आकाराची शेवटची पेटी गप्प होईपर्यंत झोपवलेल्या पेट्यांना उठूही द्यायचा नाही.

यामिनीने तेही जमेस धरलं होतं. झोपू देत पेट्या. बोटी वाळूत आहेत, त्यांना कुठे जायचंय? नारळ वाहायच्या आधी मोर्चा आटोपला असेल. सगळ्या बंदराने मान डोलावली. नारळाआधी बोट जाते कशाला, हा प्रश्नच आमच्यापैकी कोणाला पडला नाही. मुंबईच्या एखाद्या पोराने हा बेत आखला असता तर त्याने निदान विचारलं तरी असतं.

मोर्चा दणक्यात निघाला. आधी मुरवणे, मग उत्तरेची बंदरं, मग त्याहून मोठं भाटखोल. शहरातली माणसंही आपापल्या फोनवरून सामील झाली. नीलतरंगचा लिलाव बंद पडला. उलट तडाखा आला आणि मुरवण्याच्या साऱ्या पेट्यांचे दिवे लाल झाले, तेव्हा जेटीवर पोरांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या मोठ्या कंपनीने आमच्या रिकाम्या बोटींना मारावं, याची सगळ्यांना गंमत वाटली.

दुपारी दर्शनावहिनी यामिनीच्या दुकानात आली. हरेश्वरची ही बायको एरवी घर डोक्यावर घेणारी. आज ती दार लोटून आत आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तुजा दादा दर्यावर हाय."

यामिनीला आधी वाटलं, वहिनी चेष्टा करते आहे. हरेश्वर तांडेल नारळाआधी दर्यावर? आदल्या वर्षी भाटखोलच्या हिराबाय पावसेचा मुलगा पौर्णिमेआधी बोट घेऊन निघाला, तेव्हा याच हरेश्वरने त्याला खाडीच्या तोंडाशी अडवून आणलं होतं आणि देवळापुढे नाक घासायला लावलं होतं. तेव्हापासून दोन्ही बंदरांत बोलणं बंद होतं. मोर्चात भाटखोल आलं ते नीलतरंगवरच्या रागाने, आमच्या प्रेमाने नव्हे.

"कशाला गेला?" यामिनीने विचारलं.

"कशाला म्हंजे? त्याची जागा तुमी जगाला दाखवलीत. नारळ झाला की सगळा किनारा तितंच जाळी टाकील म्हनला. मी लोकांना काय तोंड दाखवू, पन एकदा शेवटचं भरून आनतो म्हनला."

तो आणि त्याचा एक खलाशी पहाटे खाडीतून निघाले होते. दुपारपर्यंत त्याची खूण वहिनीच्या फोनवर येत होती, मग ती थांबली. हरेश्वर मोर्चात नव्हता. ही पोरखेळाची कामं मला सांगू नका, असं म्हणून त्याने अंगठा टेकवायचं नाकारलं होतं. पण त्याची पेटी इतरांसारखीच होती आणि प्रतिकारकाला तेवढं पुरेसं होतं. रेडिओ गेला, मोटर गेली. दादाला दर्यावर तिनेच पाठवलं होतं आणि दर्यात अडकवलंही तिनेच होतं.

तिने तटरक्षक दलाला फोन लावला. हरेश्वरची जागा तिला फुटलेल्या माहितीतून पाठच होती, ती तिने सांगितली. तिकडचा अधिकारी भला होता, त्याने लगेच नौका सोडली, पण ती दूर होती आणि पोचायला अंधार पडणार होता. अंधारापर्यंत वेळ नव्हता. ती जागा खडपाजवळची. खडप म्हणजे पाण्याखालचा खडक, म्हणूनच तिथे मोठे ट्रॉलर जायला धजत नाहीत आणि म्हणूनच तिथे मासा असतो. नांगर तिथे नीट धरत नाही. वारा नैऋत्येचा होता आणि बंद पडलेली बोट सरळ खडपावर जाणार होती. बंदरातून मदतीला जावं तर साऱ्याच बोटींच्या पेट्या झोपलेल्या, आणि दुसऱ्या बंदरातून कोणी निघालं तर वाटेत त्याचीही पेटी झोपली असती.

तिने आधी थव्यात सामील असलेल्या सगळ्यांना लिहिलं, की एक बोट संकटात आहे, कृपा करून बाहेर पडा. मिनिटभरात उत्तरं आली. किती पैसे मिळाले? कंपनीची जुनी युक्ती आहे ही, भुलू नका. ज्यांनी आयुष्यात दर्या फक्त चौपाटीवरून बघितला होता, ते तिला सांगत होते की लढ्यात एखादी बोट जाते. परवापर्यंत हीच माणसं तिला शूर म्हणत होती. आपण असली माणसं जमवली, याचा तिला मनापासून संताप आला.

एवढ्यात नीलतरंगचा फोन आला. सुरक्षा विभागाचे सबनीस बोलत होते. तटरक्षक दलाकडून त्यांना बोटीचं कळलं होतं. त्यांचा आवाज मऊ होता. ते म्हणाले, की प्रतिकारक आपोआप चालतो, पण एखाददुसरी पेटी हाताने सोडता येते, आणि ती सोडायला त्यांना आनंदच होईल.

"फक्त एक नाव सांगा, मॅडम. आमची माहिती तुम्हाला कोणी दिली? नाव मिळालं की पाच मिनिटांत तुमच्या भावाची मोटर सुरू होईल."

"माणूस बुडतोय आणि तुम्ही सौदा करताय?"

"हल्ला तुम्ही केलाय," सबनीस शांतपणे म्हणाले. "मी वाट बघतो."

दर्शनावहिनीने सगळं ऐकलं होतं. तिने यामिनीचं मनगट धरलं. "दे नाव. कोन हाय तो? आपल्या जातीचा नसंल, गावचा नसंल. तुरुंगात जाईल, चार वर्सांनी येईल. तुजा दादा येनार नाय."

वहिनीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तुरुंग आणि मरण यांची बरोबरी कोण करील? इम्तियाजचं नाव यामिनीच्या जिभेवर होतं. पण आणखी एक वाट होती आणि ती तिला दिसत होती. थवा सांगून थांबत नाही, पण वळतो. एका कडेचे सगळे बांगडे एकदम वळले की उरलेलेही वळतात. शहरातल्या लोकांच्या फोनचा आकार वेगळा, त्यांचं काय ते चालू दे. फक्त बोटींच्या पेट्या वळायला हव्या होत्या आणि प्रतिकारक अजून न पोचलेल्या, जाग्या पेट्यांत सर्वांत मोठा जथा भाटखोलचा होता. भाटखोलच्या साऱ्या मालकांनी एकाच वेळी अंगठा टेकवून आपापली पेटी बाहेर काढली, तर आजूबाजूची बंदरं आपोआप मागे हटतील आणि प्रतिकारकाला कायद्याने सगळ्यांनाच सोडावं लागेल.

भाटखोलमध्ये एका शब्दावर सगळं बंदर हलवील अशी एकच बाई होती, ती म्हणजे हिराबाय पावसे. आणि तिला काय सांगायचं? मोघम सांगून चालणार नव्हतं, मोघम सांगून शहरवाल्यांनी काय केलं ते दिसलंच होतं. तिला सांगावं लागणार होतं, की तुझ्या मुलाला नाक घासायला लावणारा हरेश्वर तांडेल स्वतःच नारळाआधी गेलाय.

वहिनीला ते उमगलं तशी तिने कपाळावर हात मारला. असं केलं तर तो जिवंत येऊनही मेल्यासारखाच, असं ती म्हणाली. परक्याचं नाव झाकायला तू घरच्याचं उघडं करतेस, असंही म्हणाली. हिराबाय नाही म्हणाली, तर सबनीसला नाव सांगायचं हे यामिनीने मनाशी ठरवून टाकलं होतं. ती काही संत नव्हती, तिला दादा हवा होता. तिने नंबर लावला.

हिराबायने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा तिने फक्त विचारलं, की हरेश्वर म्हणजे तोच ना? यामिनी म्हणाली, तोच.

"माज्या पोराला त्या दिवसापासून कोनी तांडेल म्हनत नाय, म्हाईत हाय तुला?" हिराबाय म्हणाली.

"माहीत आहे."

"मंग तुज्या दादाला जिता आन. मेलेल्या मानसाला मी नाक घासायला कसं सांगू?"

तिने फोन ठेवला. पुढचं भाटखोलच्या लोकांकडून कळलं. हिराबायने जेटीवर उभं राहून एकच हाळी दिली. पत्ते खेळणारे पत्ते टाकून उठले, जाळी विणणारे सुया तशाच अडकवून उठले, बायका सुक्या मासळीच्या ओट्यावरून धावल्या आणि प्रत्येक बोटीवर कोणी ना कोणी चढलं. ज्यांचे मालक गावात नव्हते, त्यांना फोन करून शिव्या घालून बोलावलं. मग हिराबायने हात खाली केला आणि साऱ्यांनी एकदम अंगठे टेकवले.

इकडे यामिनी पडद्याकडे बघत बसली होती. भाटखोलचा ठिपक्यांचा पुंजका एकदम विझला. काही क्षण दुसरं काहीच झालं नाही आणि तिने सबनीसचा नंबर समोर घेतला. तोच शेजारचं बंदर विझलं. मग त्याच्या पलीकडचं. मग उत्तरेकडचे ठिपके इतक्या भराभर गेले की मोजताही येईनात. थव्याचं गणित तिनेच मांडलं होतं, पण ते असं वळताना तिने पहिल्यांदाच बघितलं. थोड्या वेळाने जेटीवरच्या पेट्यांचे लाल दिवे एकेक करून हिरवे झाले. वहिनीच्या फोनवर हरेश्वरची खूण उमटली तेव्हा ती खडपाला जवळजवळ टेकलेली होती. मग ती हळूहळू मागे सरकू लागली. वहिनी मोठ्याने रडली.

सबनीसांनी पुन्हा फोन केला. यामिनीने उचलला नाही. शहरातले मोर्चेकरी आणखी दोन दिवस ओरडले आणि मग त्यांना दुसरा कसला तरी विषय मिळाला. नीलतरंगचे परवाने पुढे रद्द झाले, ते मोर्चामुळे नाही. सरकारी चौकशीत मुरवण्याच्या आणि भाटखोलच्या बायका एकाच बाकावर बसल्या आणि ट्रॉलर कधी, कुठे बघितले ते एकामागून एक सांगत गेल्या, म्हणून. इम्तियाजचं नाव कंपनीला शेवटपर्यंत कळलं नाही.

हरेश्वर आला तो अंधार पडता पडता. तटरक्षक दलाची नौका त्याला वाटेत भेटली आणि तिने खाडीच्या तोंडापर्यंत सोबत केली. जेटीवर सगळं बंदर उभं होतं. त्याने चहा घेतला. फोनची हकिगत त्याला कोणीतरी कानात सांगितली. आदल्या वर्षी आपण केलं ते आता आपल्या वाट्याला येणार, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. "उद्या भाटखोलला जातो," एवढंच तो म्हणाला. मग त्याने यामिनीला बोटीजवळ बोलावलं. वहिनीही मागोमाग गेली.

"हिराबायला माजं नाव तू सांगितलंस?"

"हो."

"आनि कंपनी ज्याचं मागत होती, त्याचं नाय सांगितलंस. तो कोन तुजा?"

"कोणी नाही," यामिनी म्हणाली. "तुझं नाव मी तुझ्याच जिवासाठी वापरलं, दादा. त्याचं नाव तुझ्या जिवासाठी वापरायचा हक्क मला नव्हता."

हरेश्वर रागीट असला तरी हिशेबाचा सरळ होता. त्याने मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. "मंग माजी जागा कोनाच्या जिवासाठी वापरलीस?"

यामिनीच्या तोंडाशी गटाची घोषणा आली आणि तिची तिलाच शरम वाटली. ही जागा आजोबांनी बापाला दिली होती, बापाने दादाला. तिने ती एका दुपारी, चहा पिता पिता, साऱ्या जगाला दिली होती.

"कोणाच्याच नाही," ती म्हणाली. "मी तुला विचारायला हवं होतं."

"नवी जागा शोदायला वर्सं जातात. ती शोदायला आता तू माज्यासंगती येनार."

"बाय मानूस बोटीवर?" वहिनी म्हणाली. "असं कुटं आयकलंय?"

"आता काय काय आयकायचं ऱ्हायलंय?" हरेश्वर म्हणाला.

यामिनीने विचारलं, "आणि सापडली तर?"

"घावली तर ती दोगांना म्हाईत असेल," हरेश्वर म्हणाला, आणि दोर बांधायला वाकला.